बावीस रुपयांचं गाव

कंडक्टरला म्हटलं, बावीस रुपयांचं तिकीट द्या,
जिथवर जाईल तिथवर.
तो म्हणाला, गावाचं नाव सांगा मॅडम,
पैशाले नाव नसते.
मागच्या बाकावरून कुणीतरी सुचवलं, चिचटोला.
मशीन कुरकुरलं. चिचटोला आलं हातात.

उतरले तेव्हा ऊन कलत होतं.
धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्या,
धुऱ्यांवर तुरीची एकेक ओळ,
तळ्याच्या पाळीवर पतंगी कागदाची तोरणं.
त्या दिवशी मंडई होती. मला ठाऊक नव्हतं.
सपरीसपरीत पाहुणे,
लेकी, जावई, जावयांचे दोस्त,
कुणाच्या तरी मोटरसायकलवर बांधलेला ऊस.
सगळं गाव कुणाकडे ना कुणाकडे आलेलं.

"कोनाघरी आलात जी?"
पहिल्यांदा पानठेल्यावर.
कोणाकडेच नाही, म्हटलं.
पानवाल्याचं चुन्याचं बोट हवेतच राहिलं.
दुसऱ्यांदा हापशीवर, दोघी.
सहज आले. बघायला.
"काय पाहाले?"
खरंच, काय.
मी तळ्याकडे हात केला.
दोघींनी वळून पाहिलं,
जणू काल रात्रीच कुणी ते तिथे आणून ठेवलं होतं.

तिसऱ्यांदा सयत्राबाई वलथरे.
डोंग्यातून उतरत होत्या,
कमरेपर्यंत ओल्या, टोपलीत शिंगाडे,
बोटांवर काट्यांचे जुने-नवे ओरखडे.
त्यांनी विचारलं नाही.
म्हणाल्या, "धर."
मी टोपलीची दुसरी कड धरली.

घरापर्यंत चौघींनी विचारलं, हे कोन?
पहिलीला सांगितलं, पावनी.
दुसरीला, मास्तरीण.
तिसरीला, नागपूरची हाये. (मी सांगलीची.)
चौथीला नुसतं,
"हाये."

शिंगाड्यांचं पाणी उकळून काळं झालं,
सोलता सोलता माझी नखंही.
"नवऱ्याले सोडून आली का?"
नाही. घरी आहे. टीव्ही बघत असेल.
"भांडून?"
नाही हो.
"मंग?"
मग मी सांगू लागले,
घाई न करता, एकटीनं, एकेका गावी राहून,
आणि माझंच बोलणं मला
दवाखान्यातल्या जुन्या मासिकातलं वाटायला लागलं.
त्यांनी लाखोरीच्या डाळीला फोडणी दिली.
धुरातून विचारलं,
"वापस जाचं भाडं हाये ना?"
आहे.
"तं ठीक."

नाटक अकराला सुरू होणार होतं, साडेबाराला झालं.
पोत्यावर आम्ही पाच, एका गोधडीत.
कुणाची तरी मुलगी माझ्या मांडीवर झोपली,
नाव कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.
खलनायकाचा आवाज तळ्यापलीकडून परत यायचा
आणि पुढच्या वाक्यावर पडायचा,
तरी सगळ्यांना सगळं कळत होतं.
तिसऱ्या अंकात आई मेली.
सयत्राबाई हमसून रडल्या
आणि पदराला नाक पुसलं.
माझ्या.

मग दोन बस सोडल्या.
पहिली मुद्दाम,
दुसरी, आंबाडी निवडत होते म्हणून.

तिसरीच्या वेळी थांब्यावर उभी होते,
हातात पिशवी, पिशवीत त्यांनी कोंबलेले शिंगाडे,
चढणार होते की नव्हते, सांगता येत नाही.
बसमधून एक माणूस उतरला,
इस्त्रीचा शर्ट, मिठाईचा खोका,
आणि माझं तोंड माझ्याआधी बोललं,
कोनाघरी आलात जी?

वलथरेंच्या, तो म्हणाला.
सयत्राबाईंचा जावई.
मंडईला सुट्टी मिळाली नाही.

हापशीवरून डावीकडे, मी म्हटलं,
तिसरं घर. कुत्रं मोकळं आहे,
पण चावत नाही.

त्याला रस्ता माहीत होता.
तरी त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.